कपाशीच्या पानावरची लव: बघायची कशी, मोजायची कशी, आणि तिच्यावर कुठे विसंबायचं नाही

"पानवर लव शे, मंग तुडतुडा काय करी?" म्हणजे पानावर बारीक केस आहेत, मग रस शोषणारा तुडतुडा काय करणार? आमच्या पारोळा-अमळनेर पट्ट्यात जून-जुलैत हे वाक्य हमखास कानावर येतं. ऑगस्ट संपता संपता तेच शेतकरी कडा लाल झालेली, खाली मुडपलेली पानं हातात घेऊन कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर उभे दिसतात. वाणाला लव होती हे खरं असतं. पण ती बघितलेली असते कोवळ्या शेंड्यावर, पानाच्या वरच्या बाजूला, आणि किडींची मोजणी झालेलीच नसते. याच्या उलट, चांगली दाट लव असलेल्या शेतातही काही जण तिसाव्या दिवसापासून पंप पाठीवर घेतात. तिथे पैसा जातो आणि मित्रकीटकही जातात.

लव बघून वाण कसा निवडायचा, किडी कशा मोजायच्या आणि लवेच्या पानावर फवारा कसा बसवायचा, हे सगळं खाली क्रमाने देते आहे. क्रम मोडू नका. निम्म्या चुका क्रम मोडल्यामुळेच होतात.

## आधी एवढं समजून घ्या

तुडतुड्याची मादी अंडी पानावर ठेवत नाही. ती पानाच्या खालच्या बाजूला, शिरेच्या आत खुपसते. शिरेवर लांब, दाट आणि उभी लव असली की तिची अंडी घालायची नळी शिरेपर्यंत नीट पोचत नाही. पिल्लांनाही सोंड टेकवायला जागा शोधावी लागते. म्हणून बघायच्या गोष्टी तीन: लव किती लांब, किती दाट, आणि खालच्या शिरेवर आहे की नाही. वरून हात फिरवल्यावर मखमलीसारखं लागणारं पान खालून उघडं असू शकतं.

हीच लव दुसऱ्या किडीला मात्र सोयीची पडते. पांढरी माशी लवेच्या पानावर जास्त रमते. हिरव्या बोंडअळीचा पतंग गुळगुळीत पानापेक्षा लवेच्या पानावर जास्त अंडी घालतो, कारण अंडी चिकटून राहतात. म्हणजे लव हे तुडतुड्याविरुद्धचं हत्यार आहे, सगळ्या किडींवरचं कवच नव्हे. ही एक गोष्ट पक्की झाली की पुढचे टप्पे आपोआप सरळ होतात.

बीटीचाही इथे घोळ होतो. बीटीतलं विष अळीसाठी आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना बीटीने काहीच होत नाही. त्यांच्यासाठी लव, मोजणी आणि गरज पडली तर फवारणी, हाच मार्ग.

## तयारी

सामान थोडंच लागतं, पण ते खिशात असलं पाहिजे. घरून आणू म्हटलं की राहून जातं.

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं चालतं. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन लव दिसते, पण लांबीचा अंदाज चुकतो.
- काळा कागद किंवा काळ्या पुठ्ठ्याची वही. लव पांढरी असते, हिरव्या पानावर ती डोळ्याला फसवते.
- झाडांना खूण करायला सुतळीचे किंवा जुन्या साडीच्या काठाचे तुकडे.
- पेन्सिल. दवात पेनाची शाई पसरते.
- लहान बाटलीत पाणी आणि डोळ्यात औषध टाकायची रिकामी बाटली. ती फवारणीच्या टप्प्यात लागेल.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. ऊन तापलं की प्रौढ तुडतुडे पान हलताच उडतात आणि मोजणी कमी येते.

## टप्पा १: वाण दुकानात नाही, शेजाऱ्याच्या शेतात बघा

सगळ्यात मोठी चूक मे महिन्यात होते. पाकिटावर "लवयुक्त पान, रसशोषक किडींना सहनशील" असं छापलेलं असतं. ते वाचून पाकीट घेतलं जातं. त्यावर ना लवेची लांबी असते, ना ती कोणत्या बाजूची हे लिहिलेलं असतं.

वाण बघायची खरी वेळ आदल्या ऑगस्टची. लागवडीला ५० ते ६० दिवस झालेले असतात, झाडाला पुरेशी मोठी पानं असतात आणि तुडतुड्याचा जोरही तेव्हाच असतो. गावातल्या चार-पाच जणांनी कोणते वाण लावलेत ते विचारा आणि त्यांच्या बांधावर जाऊन पान बघा. शक्यतो आपल्यासारखीच जमीन असलेलं शेत निवडा. तापीकाठच्या काळ्या भारी रानातलं झाड आणि साक्रीकडच्या मुरमाड रानातलं झाड यांची तुलना करू नका. पाण्याचा ताण पडला की पानं लहान राहतात, आणि त्याच लवेची दाटी जास्त भासते. तो वाणाचा गुण नसतो, ताणाची खूण असते.

सावधान: एका झाडावरून वाण ठरवू नका. आता बीटीच्या पाकिटातच थोडं नॉन-बीटी बियाणं मिसळलेलं असतं. ते झाड पानाने, लवेने वेगळं निघू शकतं. किमान दहा झाडं बघा.

## टप्पा २: योग्य पान निवडा

शेंड्याचं बोटभर कोवळं पान कोणत्याही वाणाचं असो, लवेने भरलेलंच दिसतं. कारण पान लहान असतानाच जवळपास सगळी लव फुटते. मग पान पसरतं, लव तेवढीच राहते, आणि तिच्यातलं अंतर वाढतं. कोवळं पान बघून "काय दाट लव आहे" म्हणणं म्हणजे वाफ्यातली रोपं बघून पुनर्लागणीचं अंतर सांगण्यासारखं आहे.

जून झालेलं खालचं पानही नको. त्यावरची बरीच लव घासून, झडून गेलेली असते.

मुख्य खोडाच्या शेंड्यापासून खाली मोजा आणि पूर्ण पसरलेलं तिसरं किंवा चौथं पान घ्या. पान तोडू नका, देठाला धरून वर वळवा. तोडलेलं पान पाच मिनिटांत मलूल होतं आणि लव आडवी पडते.

रोप अगदी लहान असताना लव बघूच नका. उगवताना येणाऱ्या जाड बीजदलांवर लव नसते. खरी पानं चार-पाच झाली तरी लवेचा खरा अंदाज येत नाही. त्या काळात झाडाला राखतं ते बियाण्याला लावून आलेलं औषध. पहिल्या महिन्यात "लव नाही, फवारून टाकू" असा निर्णय म्हणूनच घेऊ नये.

## टप्पा ३: बोटावर दुमडून, काळ्या कागदासमोर बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. बाकी सगळं यावरच उभं आहे, म्हणून सावकाश सांगते.

१. पान खालची बाजू बाहेर राहील असं वळवा आणि मधली मोठी शीर तर्जनीच्या पाठीवर आडवी येईल अशी दुमडा. कमान झाली पाहिजे, घडी नको.

२. बोटामागे काळा कागद धरा. सूर्य तुमच्या बाजूला असू द्या, समोर नको.

३. भिंग डोळ्याला टेकवा आणि पान भिंगाजवळ आणा. भिंग पानाजवळ नेऊन डोळा लांब ठेवला तर काही दिसत नाही.

४. कमानीच्या कडेकडे बघा. तिथे लव उभी दिसते, जशी गव्हाच्या ओंबीची कुसळं आभाळासमोर दिसतात. सपाट पानाकडे वरून बघितलं तर लव पानाच्याच रंगात मिसळते.

५. आता मधल्या शिरेवरून बाजूच्या शिरांवर या. फक्त मधल्या शिरेवर लव आणि बाजूच्या शिरा उघड्या असतील, तर त्या वाणाला मी लवेचा वाण म्हणत नाही.

६. लवेची उंची बाजूच्या शिरेच्या जाडीशी ताडून बघा. शिरेच्या जाडीपेक्षा लव आखूड असेल तर "आखूड", तेवढी किंवा जास्त असेल तर "लांब" लिहा. मिलिमीटरमध्ये मोजायची गरज नाही. तुलना करायची तर सगळीकडे एकच माप लावलं म्हणजे झालं.

७. लव उभी आहे की पानाला लोळलेली आहे तेही लिहा. लोळलेली लव दाट दिसली तरी मादीला फारशी अडवत नाही.

वहीत मी चार शब्द वापरते: गुळगुळीत, विरळ, मध्यम, दाट. त्यापुढे लांब की आखूड. "मध्यम-लांब-उभी" अशी नोंद असली की मला तो वाण कोरडवाहू रानासाठी पसंत असतो. "दाट-आखूड" दिसायला झकास असतो, पण लांबी कमी पडली की नुसत्या दाटीचा उपयोग अर्धाच.

पडताळणी: त्याच पानावर अंगठा खालच्या बाजूने शेंड्याकडून देठाकडे हलकेच फिरवा. लांब उभी लव असेल तर खरखर लागते. भिंगात दाट दिसलं आणि अंगठ्याला काहीच लागलं नाही, तर तुम्ही बहुतेक कोवळं पान बघितलं. पुन्हा टप्पा २.

## टप्पा ४: किडी मोजा, फक्त शेंड्यावर नाही

लव बघून झाली, वाण लावला. आता चालू हंगामात दर आठवड्याला मोजणी.

एकरात पाच ठिकाणं घ्या, नागमोडी चालत. बांधालगतच्या चार ओळी सोडा. प्रत्येक ठिकाणी चार झाडं. प्रत्येक झाडाची तीन पानं: वरचं, मधलं, खालचं. म्हणजे वीस झाडं, साठ पानं. पान हळूच उलटा. आधी उडून जाणारे प्रौढ मोजा, मग पिल्लं.

तुडतुड्याचं पिल्लू फिकट हिरवं असतं, पंख नसतात, आणि हात लावला की तिरकं चालतं, खेकड्यासारखं. प्रौढ पाचरीच्या आकाराचा हिरवा, पंखांच्या टोकाकडे दोन काळे ठिपके. पांढऱ्या माशीची पिल्लं पानाला चिकटलेली, चपटी, हलत नाहीत. लवेच्या पानावर ती भिंगाशिवाय सुटतात, म्हणून लवेच्या वाणात भिंग सक्तीचं समजा.

नुकसानीच्या पातळ्या:

- तुडतुडे: सरासरी २ ते ३ पिल्लं प्रति पान
- फुलकिडे: १० प्रति पान
- मावा: १० प्रति पान
- पांढरी माशी: ८ ते १० प्रौढ किंवा पिल्लं प्रति पान

सरासरी म्हणजे सगळ्या पानांची बेरीज भागिले साठ. साठ पानांवर ९६ पिल्लं मिळाली तर सरासरी १.६, फवारणी नको. १५० मिळाली तर २.५, आता विचार करा. "एका पानावर सात दिसली" याला मोजणी म्हणत नाहीत.

मी ही चूक करून बसले आहे. एका वर्षी दाट लवेचा वाण लावला होता. दर आठवड्याला फिरत होते, पण वरचीच पानं उलटत होते, आणि तिथे एखाद-दुसरं पिल्लू. खालच्या, लव झडलेल्या पानांवर ती पोसली जात होती हे मला कळलं तेव्हा मधल्या पानांच्या कडाही मुडपल्या होत्या. शिवाय त्या वर्षी युरिया एकदम जास्त पडला होता. जास्त नत्राने पान लुसलुशीत होतं, रसाळ होतं, आणि लव त्याची भरपाई करू शकत नाही. तेव्हापासून युरिया हप्त्याने, आणि खालचं पान आधी.

सावधान: लाल्या (पानं लाल पडण्याचा विकार) आणि तुडतुडा यांत गल्लत करू नका. तुडतुड्याने पान आधी कडेला पिवळं पडतं, कडा खाली मुडपतात, मग कडेकडून लाल होत आत येतं. पान उलटलं की पिल्लं किंवा त्यांच्या पांढऱ्या काती सापडतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेचा लाल्या असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. पान सपाट असतं, खाली काही सापडत नाही, आणि तो बहुधा बोंडं भरताना, रात्री गार पडायला लागल्यावर येतो. लाल्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात.

## टप्पा ५: निर्णय

पहिलं उत्तर नेहमी "थांबा" हेच असू द्या. लवेच्या वाणात तुडतुड्याची वाढ मंद असते. या आठवड्यात सरासरी दीड असेल आणि पानांवर ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, कोळी हे किडी खाणारे मित्र दिसत असतील तर चार दिवसांनी पुन्हा मोजा. गुळगुळीत वाणात मात्र दीडवरून तीनवर जायला वेळ लागत नाही. तिथे दोन-तीन दिवसांनीच बघा.

दोनच्या आसपास घुटमळत असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीचा भरडा नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा भिजवा. सकाळी अर्क फडक्यातून पिळून गाळा, साबणाचं पाणी मिसळा, एकूण दहा लिटर करा. फवारताना यातलं एक लिटर, नऊ लिटर साधं पाणी. अर्क त्याच दिवशी संपवा. निंबोळ्या मात्र मे-जूनमध्येच गोळा करून सावलीत वाळवलेल्या असल्या पाहिजेत. ऑगस्टात शोधायला निघालात तर मिळत नाहीत.

पातळी ओलांडली तरच रासायनिक औषध, आणि तेही कपाशीवर त्या किडीसाठी लेबलवर शिफारस असलेलं. लवेच्या वाणात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं लवकर वापरू नका. मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. लवेच्या पानावर तिला जागा आधीच सोयीची असते, तुम्ही तिचे शत्रूही काढून दिलेत.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत लवेचा विचारच करू नका. तिचा निर्णय मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यावर: हेक्टरी पाच सापळे, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग. लव दाट म्हणून सापळे लावले नाहीत, असं सांगणारे मला भेटले आहेत. हे दोन हिशोब वेगळे ठेवा.

## टप्पा ६: लवेच्या पानावर फवारा बसवायचा कसा

दाट लवेच्या पानावर साधा थेंब लवेच्या टोकांवर गोल उभा राहतो, घोंगडीवर दव उभं राहावं तसा. खाली पानाला टेकत नाही. वारा आला की घरंगळतो. औषध बरोबर, प्रमाण बरोबर, आणि तरी "गुण आला नाही" याचं कारण पुष्कळदा हेच.

म्हणून पंप भरण्याआधी थेंबाची परीक्षा घ्या. एका पेल्यात लेबलवरच्या प्रमाणात पाणी आणि स्टिकर (फवारा पानावर पसरवून चिकटवणारं द्रव) मिसळा, औषध अजून नको. ते डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घेऊन एक थेंब पानाच्या खालच्या बाजूवर सोडा. थेंब गोल राहिला तर त्या वाणाला तो स्टिकर पुरत नाही. पसरून लवेच्या मुळाशी शिरला आणि पान ओलं चमकलं तर चालेल. पण पसरून लगेच गळून पडायला लागला तर स्टिकर जास्त झाला. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. स्टिकर "हाताच्या अंदाजाने" ओतू नका, जास्त झाला की पान भाजल्यासारखं होतं.

मग पुढचं:

१. हॉलो कोन नोझल, म्हणजे पोकळ शंकूसारखा फवारा देणारा. तणनाशकाचा नोझल बदलायला विसरू नका. तणनाशकाचा पंप कपाशीला शक्यतो वापरूच नका.

२. नोझल झाडाखालून वर धरा. तुडतुडा आणि पांढरी माशी दोन्ही खालच्या बाजूला आहेत. वरून भिजवलेलं झाड म्हणजे किडीवर धरलेली छत्री.

३. औषधाचं प्रमाण एकरावर काढा. आधी साध्या पाण्याने एका ओळीला किती पंप लागतो ते बघा, मग एकराचा हिशोब, मग पंपाचा.

४. वारा पडलेला असताना, सकाळी किंवा संध्याकाळी.

५. फवारून झाल्यावर वीस झाडांना सुतळी बांधा. तीन दिवसांनी त्याच झाडांची मोजणी. दुसरी झाडं मोजली तर गुण आला की नाही हे कधीच कळत नाही.

सावधान: सप्टेंबरात कपाशी डोक्याएवढी होते आणि फवारा अंगावर, तोंडावर येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. उपाशीपोटी फवारणी नको. दोन-तीन औषधं एका पंपात एकत्र करू नका. मजूर लावला असेल तर ही साधनं त्याच्या हातात देणं आपलं काम आहे.

## टप्पा ७: वेचणी आणि वहीतली शेवटची नोंद

लवेची किंमत शेवटी कापसातही मोजावी लागते. लवेच्या पानाचा वाळलेला चुरा रुईला धरून बसतो, झटकला तरी निघत नाही. जिनिंगवर कचऱ्याची कटती लागते. म्हणून दाट लवेच्या वाणात वेचणी दव उडाल्यावर करा, पण पानं कडक वाळून चुरा व्हायच्या आधी. बोंडातून कापूस दोन बोटांनी उचला, झाड ओढू नका. पालापाचोळा लागलेला कापूस वेगळ्या गोणीत भरा.

आणि वहीत वाणाच्या नावापुढे एवढं लिहा: लव (टप्पा ३ प्रमाणे), तुडतुड्यासाठी फवारण्या किती, पांढरी माशी कुठवर गेली, कटती लागली का. तीन हंगामांच्या अशा नोंदी झाल्या की मे महिन्यात पाकिटावरचं वाचायची गरज उरत नाही.

## दुसऱ्या पिकांत काय बदलतं

केळीच्या पानावर लव नाही, मेणाचा थर आहे. नंदुरबारच्या मिरचीचं पानही जवळपास गुळगुळीतच. तिथे हे टप्पे लावायला जाऊ नका. बामणोदकडच्या भरीताच्या वांग्याच्या पानाखाली भिंग धरलं तर लव चांदण्यांसारखी फाटे फुटलेली दिसते. तुडतुड्यासाठी ती बघा, पण शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला ती थांबवत नाही. तिथे कीडके शेंडे खुडून नष्ट करणं हेच पहिलं काम.

ज्वारीत लव बघायची ती रोपावस्थेत. खोडमाशी रोपाच्या पानाखाली पांढरं लांबट अंडं मधल्या शिरेला समांतर चिकटवते, आणि पुढे पोंगेमर होते, म्हणजे मधला पोंगा वाळतो. पानाखाली बारीक लव आणि वरून चकाकी असलेल्या वाणावर ती कमी अंडी घालते. तरी पेरणी लांबवली तर लव वाचवत नाही. खरिपात पाऊस लागल्यावर आठ-दहा दिवसांत पेरा उरकला पाहिजे.

हरभरा मात्र वेगळा विषय आहे, आणि तिथे चुका कपाशीइतक्याच होतात. हरभऱ्याची लव नुसता केस नाही, तिच्या टोकाला थेंब असतो. पहाटे शेतात जा, शेंड्यावरून बोट फिरवा आणि जिभेला लावा. आंबट लागतं. हीच आंब. आमच्या आजीच्या काळी दव पडल्यावर धुतलेलं फडकं हरभऱ्यावर पसरून ती पिळून बाटलीत भरत. या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, आणि त्यामुळे घाटेअळीची वाढ खुंटते. आता याला धरून तीन कामं:

१. ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचं कार्ड, हरभऱ्यात लावू नका. ट्रायकोग्रामाची ती इवलीशी गांधीलमाशी याच आंबट, चिकट लवेत अडकते, अंड्यापर्यंत पोचत नाही. कपाशीत उपयोगी पडलं म्हणून तेच कार्ड हरभऱ्यात लावून दरवर्षी पैसे वाया घालवणारे बरेच आहेत. त्याऐवजी एकरी वीस पक्षी थांबे लावा आणि अळी लहान असताना एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) संध्याकाळी फवारा. दुपारच्या उन्हात त्यातला विषाणू टिकत नाही.

२. पाऊस किंवा तुषारनंतर मोजणी वाढवा. बेमोसमी पाऊस झाला किंवा तुषारने वरून पाणी दिलं की आंब धुऊन जाते. झाड ती पुन्हा तयार करतं, पण मधल्या दिवसांत पीक उघडं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात ढगाळ हवा आणि शिरवा झाला की तिसऱ्या दिवशी शेतात जा. एक मीटर ओळीखाली पांढरं कापड अंथरा, झाडं हलवा, पडलेल्या अळ्या मोजा. मीटरला एक-दोन अळ्या ही पातळी.

३. आंब आहे की नाही ते चाखून ठरवा, पण फवारलेल्या शेतात नाही. मागच्या पंधरा दिवसांत कोणतंही औषध पडलं असेल तर जीभ लावायची नाही. अशा वेळी पहाटे काळा कागद शेंड्याला हलकेच टेकवा. लव थेंबाळलेली असेल तर कागदावर बारीक चिकट ठिपके उमटतात. बाजूलाच साध्या गवतावर टेकवलेला दुसरा कागद ठेवा, म्हणजे दव कोणतं आणि आंब कोणती ते कळतं. दवाचा डाग वाळून जातो, आंबेचा ठिपका दुपारीही बोटाला चिकटतो.